चर्चची भिंत पडली, आता मंडळी कुठे जमायची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांच्या मंडळीत १६ कुटुंबं आहेत, लहानमोठी मिळून ५५ माणसं. दुसऱ्या पंथाची तीन कुटुंबं वेगळी प्रार्थना करतात. मिशनच्या काळातलं कवेलूचं चर्च ऑगस्टच्या झडीत मागच्या बाजूने खचलं. भिंत पडली, मयाल मोडली, अर्धं छत खाली आलं. आत कुणी नव्हतं, म्हणून निभावलं. पाळकांकडे पाच गावं असल्यामुळे ते महिन्यातून एकदाच येतात. पंच कमिटीने ठरवलं की नवं चर्च उभं राहीपर्यंत उपासना बंद ठेवायची आणि ज्याला जमेल त्याने २२ किलोमीटरवरच्या तालुक्याच्या चर्चमध्ये जायचं. ठेकेदाराने १४ लाखांचा अंदाज दिला आहे. रविवारचं अर्पण सरासरी ४०० रुपये. कुणी म्हणतं पतसंस्थेतून ५ लाखांचं कर्ज काढू, कुणी म्हणतं ओळखीचा एक माणूस परदेशातून पैसा आणून देतो. ताई स्वतः मंडळीच्या खजिनदार आहेत. त्या लिहितात, "भिंत पडायच्या आधीही वीस-बावीसच जण यायचे, आता तर कुणी कुणाला विचारतही नाही. सासूबाई दर रविवारी पांढरं लुगडं नेसून ओसरीवर बसून राहतात. चर्चच नाही तर आमची मंडळी राहिली कुठे? कर्ज काढावं का? की संपलं असं समजावं?"

ताई, सलाम.

तुमचं दुःख खरं आहे. "चर्च म्हणजे काही भिंती नव्हेत" असं एका वाक्यात सांगून ते उडवून लावता येणार नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे बाप्तिस्मे आणि लग्नं ज्या जागेत झाली, घरातल्या गेलेल्या माणसांच्या पेट्या ज्या दारातून निघाल्या, ती जागा पडते तेव्हा पोटात खड्डा पडतोच. त्यातून गावात आपली घरं सोळाच असली, तर आपली म्हणून एक जागा असण्याला फार मोल असतं. म्हणून इमारतीचा विषय सोडून द्या असं मी सांगणार नाही, त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण कमिटीने कामांचा जो क्रम लावला, तो मला उलटा वाटतो. आधी चर्च आणि मग उपासना, अशाने चर्च बांधून होईल तेव्हा त्यात बसायला माणसं उरणार नाहीत.

तुमच्याच पत्रातलं एक वाक्य पुन्हा वाचा. भिंत पडायच्या आधीही वीस-बावीसच जण यायचे. म्हणजे ५५ पैकी तेहतीस-पस्तीस माणसं चर्च धडधाकट उभं असतानाच येत नव्हती. घंटा वाजत होती, छत होतं, म्हणून ही गळती कुणाच्या डोळ्यांत आली नाही. चर्च पडलं म्हणून मंडळी पांगली, असं आज गावात सगळे धरून चालले आहेत. मला वाटतं मंडळी आधीपासूनच पांगत होती, आणि ऑगस्टनंतर ते लपवणारं काही राहिलं नाही. हे ऐकायला कडू आहे. पण कारण हे असेल, तर त्यावरचा उपाय १४ लाखांवर अडलेला नाही, येत्या रविवारी सुरू करता येईल.

पहिल्या मंडळ्यांकडे चर्चची इमारत नव्हतीच. बायबलमधल्या रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी प्रेषित पौल ज्या मंडळीला सलाम धाडतो, ती अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याच्या घरात जमत होती. फिलिप्पै शहरात लुदिया नावाच्या, जांभळ्या कापडाचा धंदा करणाऱ्या बाईच्या घरी भाऊबंद जमत. आज माहीत असलेल्या सगळ्यांत जुन्या ख्रिस्ती उपासनेच्या जागांपैकी एक सीरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपस इथे सापडली. तेही साधं राहतं घर होतं. साधारण इ.स. २४० च्या सुमाराला त्यातल्या दोन खोल्यांमधली भिंत काढून सत्तरेक माणसं बसतील एवढी जागा केली होती. सत्तर माणसं, म्हणजे तुमच्या मंडळीहून थोडी जास्त. रोमी साम्राज्यात ख्रिस्ती उपासनेला उघड मोकळीक मिळाली ती ३१३ मध्ये, तोवर मंडळ्या बहुतेक घराघरांतच वाढल्या. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला, तेव्हा त्यांच्या मनात बांधकाम नव्हतं, ख्रिस्ताच्या शिष्यांचा भाऊपणा होता.

पण इमारत काही कामं करत असते, ती आपल्याला दिसत नाहीत इतकंच. घरात जमायला लागलं की ती अंगावर येतात, आणि घरगुती उपासना सहा महिन्यांत बंद पडते ती याच जागी. म्हणून आधी ती कामं ओळखू या.

सगळ्यांत मोठं काम म्हणजे चर्च कुणाच्या मालकीचं घर नसतं. ज्यांचं शेताच्या धुऱ्यावरून भांडण आहे, ज्यांच्या पोरीचं लग्न मोडलं, ज्यांनी निवडणुकीत वेगवेगळ्या पॅनलचं काम केलं, ते दोघेही चर्चच्या दोन टोकांना बसू शकतात. तेच कुणाच्या घरी जायचं म्हटलं की "त्याच्या दारात पाय ठेवणार नाही" हे सुरू होतं. त्यात उपासना सहा महिने एकाच घरी होत राहिली, की ती त्या घराची होऊन बसते. घरमालकीण दमते, इतरांना मिंधेपणा येतो, आणि त्या घराशी बिनसलेली कुटुंबं गळतात. यावर उपाय एकच, घर फिरतं ठेवायचं. चार रविवार चार घरं, आणि यादी तीन महिने आधी लिहून सगळ्यांना द्यायची. यादी करताना सर्वांत मोठं घर आधी घेऊ नका. पहिलं घर मधल्या आकाराचं घ्या, दुसरं एखाद्या एकट्या विधवा बाईचं. तिची खोली लहान असेल तर तिच्या अंगणात ताडपत्री टाकून बसा. मांडी घालून बसलेल्या माणसाला साधारण सहा चौरस फूट लागतात, त्या हिशेबाने १० बाय १२ च्या खोलीत वीस जण बसतात. चपला, दारातली वाट आणि पेटी-ढोलकीची जागा सोडली तर सोळा-सतरा धरा. सगळे ५५ कधीतरी आलेच तर अंगण लागेल, आणि सुगीनंतर अंगणं रिकामीच असतात.

घर फिरतं ठेवायच्या वाटेत एक अडचण येते, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ती म्हणजे चहापाणी. पहिल्या घरी चहा-बिस्कीट होतं, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी आलूबोंडे आणि जिलेबी. चौथ्या घरची बाई मजुरीवर जाते. ती सांगते, "पाव्हणे येणार हायत, आमची पाळी पुढं ढकला." ती पाळी मग कधीच येत नाही आणि हळूहळू ते कुटुंबही येईनासं होतं. म्हणून पहिल्याच दिवशी नियम करा, फक्त काळा चहा किंवा पाणी, तेही चहापत्ती-साखर मंडळीच्या पैशातून आणून. नियम सगळ्यांना सारखा, पाळक आले तरी तोच. करिंथच्या मंडळीला पौलाने कडक शब्दांत झापलं होतं ते याच कारणाने. प्रभुभोजनाला जमल्यावर ज्यांच्याकडे होतं ते आधीच खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण यादी करताना समोर येईल म्हणून सांगतो. आपल्या बहुतेक गावांत ख्रिस्ती घरांचीही मागची जात गावाने विसरलेली नसते, आपणही नाही. चर्चमध्ये शेजारी बसणारं माणूस एखाद्या घरचं पाणी प्यायला मागेपुढे पाहतं. चर्चच्या छताखाली हे झाकून राहतं, घरात ते राहणार नाही. भाषण करून हे जात नाही. ज्या घराबद्दल कुजबुज आहे, त्या घरी मंडळीच्या वडिलांपैकी दोघांनी यादी लागण्याआधीच जाऊन चहा घ्यावा, इतर बघतील असा घ्यावा. मग त्या घराची पाळी इतर घरांसारखीच यादीत टाका.

इमारतीचं दुसरं काम म्हणजे वेळ. घंटा वाजली की निघायचं. तुमच्याकडे सध्या कापसाची वेचणी चालू असेल. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे रविवार असला तरी बाया सकाळी उन्हं वर यायच्या आत शेतात जातात. पूर्वी सकाळी दहाला उपासना होत असेल, तर वेचणाऱ्या बाया का येत नव्हत्या हे वेगळं विचारायला नको. ऑक्टोबरपासून तूर निघेपर्यंत रविवारी संध्याकाळी साडेसहा ठेवा, मार्चनंतर पहाटे सव्वासहा ते सव्वासात. यवतमाळच्या मे महिन्यात आठनंतर लेकरांना आणि म्हाताऱ्यांना बसवत नाही. वर्षातून दोनदाच वेळ बदला, सारखी नको. घंटा पडक्या चर्चमधून उतरवली नसेल तर आज उतरवा. पितळ आहे, राहणार नाही. ती मधल्या वस्तीतल्या एखाद्या कडुलिंबाला पक्क्या साखळीने टांगा आणि उपासनेच्या पंधरा मिनिटं आधी वाजवा. लाउडस्पीकर मात्र लावू नका. वीस माणसांना त्याची गरज नाही, आणि शेजाऱ्याशी पहिलं वाकडं त्यावरूनच येतं. घराचं दार उघडं ठेवा, सरपंच आणि पोलीस पाटील यांना एकदा भेटून सांगा की चर्च दुरुस्त होईपर्यंत आम्ही आमच्या घरी तासभर बसतो. कुणाला काही विचारायचं असेल तर बाहेर कुजबुजण्यापेक्षा तो आत येऊन बसेल.

पाळक महिन्यातून एकदाच येतात, मग उरलेले तीन रविवार कोण चालवणार? तुमच्यात वाचता येणारी माणसं नक्की आहेत. तिघांची नावं काढा, त्यांत एक बाई आणि एक पंचविशीच्या आतलं कुणीतरी असू द्या. तासाभरात हे सगळं बसतं: दोन गीतं, एक स्तोत्र सगळ्यांनी मिळून, पापकबुली, जुना आणि नवा करार यांतले एकेक वाचन, दहा मिनिटांचं बोलणं, नावं घेऊन प्रार्थना, अर्पण, प्रभूची प्रार्थना, एक गीत, आणि शेवटी सर्वांनी एकत्र म्हणायची 'कृपा', म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना. बोलणं दहा मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नका. ज्याला बोलता येत नाही त्याने पाळकांनी दिलेलं लिखाण वाचून दाखवावं, त्यात कमीपणा नाही. प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा पाळक येतील त्या रविवारी. यादी पाळकांना आधी दाखवा आणि त्यांच्या सहीने लावा, म्हणजे उद्या कुणी "हे परस्पर चालवलंय" म्हणणार नाही.

त्या तासातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे नावं घेऊन प्रार्थना. घरात बसण्याचा फायदा इथे कळतो. चर्चमध्ये "आजाऱ्यांसाठी, विधवांसाठी" असं म्हणून पुढे जाता येतं. घरात समोर बसलेल्या बाईला विचारावं लागतं, तुझ्या पोराचा ताप उतरला का. प्रार्थनेआधी पाच मिनिटं हेच विचारा आणि वहीत लिहा. पुढच्या रविवारी ती वही उघडून पुन्हा विचारा. आजारी माणसासाठी प्रार्थना करताना एक गोष्ट पाळा: गोळ्या बंद कर, दवाखान्यात जाऊ नको, असं कुणालाही म्हणू देऊ नका, बाहेरून आलेल्या प्रचारकालाही नाही.

ही वही तुम्ही ठेवा, ताई. खजिनदाराच्या हिशेबवहीपेक्षा ती मोठी आहे. घरागणिक एक पान करा. त्यावर घरातल्या सगळ्यांची नावं, फोन, कोण गावात, कोण पुण्याला कंपनीत, कोण नागपूरला शिकायला, कोण अंथरुणावर, कुणाचं काही बिनसलेलं. मग त्या तेहतीस जणांची नावं वेगळी काढा. एखादं माणूस सलग तीन रविवार दिसलं नाही तर दोघांनी जायचं. एकट्याने जाऊ नये, आणि ज्याच्याशी त्याचं बिनसलंय त्याने तर नाहीच. वीस मिनिटं बसायचं. "चर्चला का येत नाही?" हा प्रश्न विचारायचाच नाही, तो विचारला की माणूस सबब शोधतो. शेत कसं आहे, बोंडअळीने किती खाल्लं, लेकीकडे बरं आहे का, हे विचारा. निघताना पुढचा रविवार कुणाच्या घरी आहे तेवढं सांगा. तीन-चार भेटींनंतर खरं कारण बाहेर येतं, आणि बरेचदा ते एखादं जुनं टोचलेलं वाक्य असतं, किंवा चार जणांसारखे कपडे नसल्याची लाज असते.

याच वहीतून बाकीची कामं निघतात. कुणी सेवाग्रामला किंवा सावंगीला दवाखान्यात भरती झालं की पेशंटजवळ रात्री कोण थांबणार आणि घरच्या लेकरांना कोण जेवू घालणार, हे संध्याकाळपर्यंत ठरलेलं असावं. गावाबाहेर गेलेल्या पोरांना महिन्यातून एक फोन, शक्यतो घरचा नसलेल्या माणसाने केलेला. त्यांच्या शहरातल्या जवळच्या मंडळीचा पत्ता मिळवून द्या. पोरं दूर गेली म्हणजे तुटली असं नाही. विचारणारं कुणी नसलं की मात्र तुटतात.

मयतीच्या वेळी तर मंडळी आहे की नाही हे साऱ्या गावाला दिसतं. त्यासाठी एक कागद आधीच करून ठेवा: पाळकांना फोन कोण करणार, पेटी कोणता सुतार करून देतो आणि किती तासांत, खड्डा खणायला कोण चौघं जाणार, पाहुण्यांच्या वरण-पोळीचं कोण बघणार, पाळक पोचू शकले नाहीत तर वाचन कोण करणार. दफनभूमीची नोंद ग्रामपंचायतीच्या किंवा महसूलच्या कागदावर आहे का, हे आताच तपासा. ऐन मयतीत तो वाद निघाला की फार हाल होतात.

पैशांबद्दल. दर घरामागे महिन्याला ५० रुपये वेगळे काढले तर ८०० रुपये जमतात, वर्षाचे ९,६००. हा दुःख-निधी दवाखाना आणि मयतीपुरताच ठेवा, इमारतीच्या पैशात मिसळू नका. ज्याच्याकडे ५० नाहीत त्याच्यासाठी दुसरी वाट आहे. मिझोरमच्या मंडळ्यांत बाया स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढतात. तुमच्याकडे ती ज्वारी किंवा गहू असेल. मूठ ५० ग्रॅमची धरली तर सोळा घरांचे दिवसाला ८०० ग्रॅम, महिन्याला २४ किलो. दोन निराधार बायांचं त्यात भागतं. धान्य महिन्याच्या महिन्याला वाटून टाका, साठवलं की टोके लागतात. वाटणारे दोघं असावेत आणि कुणाला किती दिलं ते लिहिलेलं असावं. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातं अशी कुरकुर उठली, तेव्हा प्रेषितांनी तेवढ्याच कामासाठी सात माणसं नेमली. मंडळी लहान असली तरी हिशेब चोख लागतो, खरं तर लहान मंडळीत जास्तच.

आता इमारत. कर्जाचं उत्तर स्पष्ट आहे: काढू नका. ५ लाखांवर १२ टक्क्यांनी नुसतं व्याज वर्षाला ६०,००० रुपये होतं. तुमचं ४०० रुपयांचं अर्पण वर्षभरात २०,८०० होतं. बाकीचं कोण भरणार? जामीनदार म्हणून सही करणारी एक-दोन कुटुंबं, बहुधा तुमचंच. शिवाय मंडळीची मालमत्ता नोंदणी झालेल्या सार्वजनिक न्यासाची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे विश्वस्तांना कर्ज काढायलाही धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. परदेशी पैसा आणून देतो म्हणणाऱ्याला एकच विचारा, तुमच्या संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी कुठे आहे. त्या नोंदणीशिवाय किंवा केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय परदेशातून देणगी घेता येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला असा पैसा दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर तो आला तर अडकणार तुम्ही, खजिनदार म्हणून.

त्याऐवजी या हिवाळ्यात बिनखर्चाची कामं उरका. जागेचा सात-बारा, गावठाणात असेल तर नमुना ८ चा उतारा काढा आणि मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा. मिशनच्या काळातल्या जागा बरेचदा दूरच्या एखाद्या न्यासाच्या नावावर असतात, त्यांच्या लेखी संमतीशिवाय एक वीटही रचू नका. पडक्या भागात लेकरं जाणार नाहीत असं काटेरी कुंपण घाला. शाबूत कवेलू उतरवून रचून ठेवा. सागाची मयाल, वासे, दारं-खिडक्या, बाक यांची मोजून यादी करा आणि खाली पाच जणांच्या सह्या घ्या. बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदवह्या भिजल्या असतील तर उन्हात टाकू नका, पानं चिकटतात आणि तडकतात. सावलीत, पानांमध्ये कोरा कागद घालून वाळवा, पानागणिक फोटो काढा आणि पत्र्याच्या पेटीत ठेवा. जुन्या माणसांच्या जन्मतारखेचा लेखी पुरावा बरेचदा तेवढाच असतो.

मग भिंत का पडली ते शोधा. तुमच्याकडे काळी माती असेल. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि उथळ पाया तिच्यासोबत वरखाली होतो. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या भेगा गेलेल्या असतील तर बहुधा हेच कारण. त्यात पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या बुडाशीच मुरत राहिलं की भिंत बसते. ठेकेदाराच्या अंदाजावर जाऊ नका. एखाद्या स्थापत्य अभियंत्याला दाखवा, खड्डा खणून मुरूम किती फुटांवर लागतो ते बघा. पाया मुरमापर्यंत गेला नाही तर १४ लाखांचं नवं चर्चही काही पावसाळ्यांत तडकेल. १४ लाख म्हणजे घरामागे ८७,५०० रुपये, हा आकडा कमिटीसमोर मोठ्याने वाचा. २० बाय ३० फुटांचं लोखंडी खांबांवरचं टिनाचं शेड ६०० चौरस फुटांचं होतं, त्यात सगळे बसून जागा उरते. त्याला पैसा बराच कमी लागतो. आत बांबूच्या तट्ट्यांचं छत टाकलं तर ऊन सोसवतं. तोपर्यंत जुन्या चर्चच्या पुढचा भाग वाचवता येतो का, तेही अभियंत्याकडूनच कळेल.

तुम्ही दुसऱ्या पंथाच्या तीन कुटुंबांचाही उल्लेख केलाय, जी वेगळी प्रार्थना करतात. त्यांनाही या यादीत घ्या, निदान बोलवा तरी. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच सहा वेगळ्या परंपरांच्या मंडळ्या उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) एक झाल्या. त्यांत लेकरांचा बाप्तिस्मा करणारे होते आणि मोठेपणीच करणारेही होते, दोन्ही पद्धती ठेवून ते एकत्र आले. तुम्हाला तेवढंही करायचं नाही. नाताळात एका अंगणात गीतं म्हणायची आहेत, आणि त्या घरचं कुणी वारलं तर खड्डा खणायला जायचं आहे.

तालुक्याच्या चर्चशी वाकडं घेऊ नका. ईस्टरला आणि दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याच्या) विधीला सगळ्यांनी मिळून एक गाडी करून जा. पण दर रविवारी ४४ किलोमीटर येणं-जाणं म्हातारी माणसं आणि मजुरीवाल्या बाया करू शकत नाहीत. "ज्याला जमेल त्याने जावं" या निर्णयात नेमकी हीच माणसं बाहेर राहिली. सासूबाईंना नुसतं नेऊन बसवू नका, त्यांना कामही द्या. जुनी गीतं चालीसह त्यांना येत असतील. लेकरांना रविवारी उपासनेआधी अर्धा तास त्यांच्याजवळ बसवा आणि महिन्याला एक गीत पाठ करून घ्या. संडे स्कूलची चित्रं, पुस्तकं मागाहून मिळतील.

नाताळाआधीचे आगमनकाळाचे चार रविवार सुरुवातीला उत्तम, कारण चारच रविवारांसाठी घर द्यायला कुणी नाही म्हणत नाही. कमिटीच्या येत्या बैठकीत वाद घालू नका, लेखी ठराव मांडा: "चर्चच्या दुरुस्तीचा निर्णय होईपर्यंत मंडळीची रविवारची उपासना, पाळकांच्या संमतीने, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून सोबतच्या यादीप्रमाणे सभासदांच्या घरी होईल. इमारतीसाठी कर्ज काढलं जाणार नाही. इमारत निधी आणि दुःख-निधी यांचे हिशेब वेगळे ठेवले जातील आणि दर तीन महिन्यांनी वाचून दाखवले जातील." अनुमोदन द्यायला कर्जाच्या बाजूने असलेल्यांपैकी एकाला आधीच भेटा. पहिल्या चार घरांची नावं ठरावासोबत जोडूनच न्या. नावं नसली तर ठराव मंजूर होतो आणि "बघू" म्हणून फाइलमध्ये जातो.